पुढचे चाक, मागचे चाक आणि दुकानाचे ओझे

जूनच्या मध्यावर मुंबईत पाऊस स्थिरावतो आणि पाठोपाठ आषाढ चौमासी येते. साधू-साध्वी एका स्थानी स्थिर होतात, कारण भिजलेल्या वाटेवर पावलागणिक जीवोत्पत्ती असते. श्रावकाची वाट मात्र या चार महिन्यांत थांबत नाही. सकाळी देरासर, मग उपाश्रयातील प्रवचन, तेथून परस्पर दुकान, दिवसभर मालाची पोचवापोचव आणि संध्याकाळी प्रतिक्रमणासाठी पुन्हा उपाश्रय. गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांत ही सारी ये-जा बहुधा दुचाकीवरच होते. म्हणूनच पाऊस तोंडावर आला की अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मागचे टायर गोटा झाले आहे, पुढचे अजून बरे दिसते. दुकानदार म्हणतो, तुमच्या कंपनीचा माल नाही, दुसऱ्या कंपनीचे बसवतो. बसवावे का?

या प्रश्नाला गॅरेजमध्ये दोन ठाम उत्तरे मिळतात. एक म्हणतो, जोडी कधी मोडू नये. दुसरा म्हणतो, टायर म्हणजे शेवटी रबर, कोणाचे का असेना. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. छाप वेगळी असणे हा मुख्य धोका नव्हे. खरा धोका त्या छापेशेजारी टायरच्या बाजूवर कोरलेल्या बारीक अक्षरांत आणि अंकांत असतो, आणि ते फारसे कोणी वाचत नाही.

आधी रस्त्यांचा विचार करावा, कारण टायर रस्त्यासाठी घ्यायचे असते. मुंबईतील वेगाचे मार्ग दुचाकीसाठी नाहीत. जे. जे. उड्डाणपुलावर तिला मज्जाव आहे. पूर्व मुक्तमार्ग, सागरी किनारा मार्ग आणि अटल सेतू हेही तिला बंद आहेत. लालबागहून झवेरी बाजारला निघालेला मुलगा पुलाच्या सावलीतून, मोहम्मद अली रस्त्याच्या गर्दीतून वाट काढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि परळ-दादरची बरीच वाहतूक टिळक पूल व करी रोडच्या पुलाकडे वळली. गिरगाव आणि काळबादेवी यांनी मेट्रो तीनच्या खोदकामाची वर्षे काढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली. अशा रस्त्यांवर दुचाकीचा वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वर क्वचितच जातो, मात्र ब्रेक शंभर वेळा लागतो. तोही गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवर, गटाराच्या झाकणावर, झेब्रा पट्ट्यांच्या रंगावर किंवा खड्ड्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर. पहिल्या दोन सरींत तर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा लेप होतो. या शहराला वेगाचे टायर नको आहे, ओल्या जमिनीवर थांबवणारे टायर हवे आहे. जाहिरातीत डोंगरवळणांवर झुकलेली मोटरसायकल पाहून टायर पसंत करणाऱ्या तरुणाने एवढे ध्यानात घेतले तरी निम्मी निवड नीट होते.

आता जोडीचा प्रश्न. मोटारीत एका आसावर दोन चाके असतात. डाव्या आणि उजव्या चाकाची पकड वेगळी असेल तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते. म्हणून तेथे एका आसावरचे टायर सारखेच लागतात. दुचाकीत प्रत्येक आसावर एकच चाक आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांची कामेही निराळी आहेत. पुढचे दिशा देते आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलते. मागचे गाडी ढकलते आणि ओझे वाहते. म्हणून तर पुढच्या टायरवर लांब सरळ खाचा आणि मागच्यावर ठोकळ्यांची नक्षी अशी रचना आपल्याकडे वर्षानुवर्षे दिसते. मागच्याला बाजारात बटन टायर म्हणतात. एकाच कंपनीचे दोन्ही टायर असले तरी ते एकसारखे नसतात. गाडी तयार करणारा कारखानासुद्धा एकाच नमुन्याच्या गाड्यांवर कधी या कंपनीचे, तर कधी त्या कंपनीचे टायर चढवतो. तेव्हा नाव बदलले म्हणून गाडी लगेच बिघडते असे नाही.

मग टायर कंपन्या जोडीने घ्या असे का सांगतात? त्यात विक्रीचा हेतू असतोच, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. पण एक खरे कारणही आहे. कंपनी पुढचे आणि मागचे टायर एकत्र चालवून पारखते. रबराचा मऊपणा, टायरच्या माथ्याची गोलाई, पाणी बाहेर ढकलणाऱ्या खाचांची खोली या सगळ्यांचा मेळ तिने बसवलेला असतो. पुढचे टायर मऊ रबराचे आणि मागचे कठीण रबराचे असेल, तर ओल्या वळणावर मागचे चाक आधी सुटते. उलट असेल तर पुढचे सुटते आणि ते सावरायला अवधीच मिळत नाही. म्हणून कंपन्या वेगळ्या घ्यायच्याच असतील तर दोन्ही टायर एकाच प्रकारच्या वापरासाठी केलेले असावेत. एक रोजच्या रस्त्याचे आणि दुसरे मातीवाटेचे अशी मिसळ टाळावी. फार झिजलेले पुढचे आणि कोरे मागचे ही मिसळ तर छाप एकच असूनही वाईट.

रचनेचा भेद त्याहून महत्त्वाचा. आपल्याकडील बहुतेक साध्या मोटरसायकलींचे टायर आडव्या-तिरप्या नायलॉन थरांचे असतात. महागड्या गाड्यांवर रेडियल येतात. मापातील दोन अंकांमध्ये आडवी रेघ असेल तर पहिला प्रकार, ‘आर’ हे अक्षर असेल तर रेडियल. दोहोंची बाजू वेगळ्या तऱ्हेने लवते, म्हणून मनाने त्यांची मिसळ करू नये. अपवाद आहेत, पण ते कारखान्याचे आहेत. यामाहाच्या एफझेडवर पुढे १००/८०-१७ आणि मागे १४०/६० आर १७ असे टायर येतात, म्हणजे पुढे साधे आणि मागे रेडियल. त्या गाडीची चौकट, तिचे वजन आणि तिची वळणे यांचा हिशेब करूनच ती जोडी ठरलेली आहे. एफझेडला चालते म्हणून आपल्या गाडीला चालेल, हा तर्क दुकानात ऐकू येतो. तो ऐकून सोडून द्यावा.

मागच्या टायरवर मात्र थोडे थांबायला हवे. व्यापारी घरांचा खरा संबंध येथे येतो.

हिरोची स्प्लेंडर ही किती पेढ्यांची गाडी आहे हे मोजणे कठीण. तिच्या ट्यूबलेस नमुन्यात पुढचे टायर ८०/१००-१८ आणि मागचेही ८०/१००-१८. माप तंतोतंत एक. ८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १०० म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी, १८ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. एवढे वाचून दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही निश्चिंत होतात. पण त्यापुढे आणखी एक अंक आणि एक अक्षर असते. पुढच्या टायरवर ४७पी, मागच्यावर ५४पी. ‘पी’ हे वेगाचे अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंतचे. मुंबईत त्याची कसोटी लागत नाही. ४७ आणि ५४ हे भाराचे अंक आहेत. ४७ म्हणजे १७५ किलो आणि ५४ म्हणजे २१२ किलो. एकाच मापाच्या दोन टायरांत ३७ किलोंचे अंतर. मसाल्याचे किंवा साखरेचे पन्नास किलोंचे पोते मनात आणले तर हे अंतर लगेच कळते.

दुकानात मागचा माल संपला आहे, माप तर तेच, म्हणून पुढचे टायर मागे चढवले जाते. कोणी फसवत नाही, कोणाला खोटही दिसत नाही. आठ दिवसांनी त्याच गाडीवर दुकानातील मुलगा बसतो. मागच्या सीटवर तीन खोकी, वर दोरी, हँडलला दोन पिशव्या. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आतील धागे सुटू लागतात. एके दिवशी बाजूवर फुगवटा दिसतो आणि सगळे खड्ड्याला दोष देतात.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेरचे ओझे लादणे. व्याख्यानात त्याचे उदाहरण बैलाचे किंवा घोड्याचे येते, आणि आजच्या दुकानात बैल नाही म्हणून ऐकणारा हलकेच सुटतो. पण दुकानाच्या गाडीवर बसणारा नोकर आहे. गाडीवर किती लादावे हे तो ठरवत नाही. टायर कोणते घ्यावे, कधी बदलावे, हेही तो ठरवत नाही. मालक ठरवतो किंवा मालक लक्ष देत नाही. स्वतःच्या मुलाच्या नव्या मोटरसायकलसाठी ऑपेरा हाउसच्या बाजारात चार दुकाने फिरणारा पिता दुकानाच्या गाडीसाठी ‘जे स्वस्त असेल ते टाक’ म्हणतो, हे चित्र अनोळखी नाही. त्या गाडीचा भारांक मालकाने एकदा स्वतः वाकून वाचावा. मूळ टायरपेक्षा तो कमी नसावा. जास्त असला तर हरकत नाही.

स्कूटरची गोष्ट किंचित वेगळी. होंडा ॲक्टिव्हाच्या आधीच्या अनेक नमुन्यांत दोन्ही चाकांना ९०/१००-१० हे एकच माप होते, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करण्याची सवय घराघरांत रुजली. २०२० मध्ये आलेल्या ॲक्टिव्हा सिक्स-जीला पुढे १२ इंचांचे चाक आले, माप ९०/९०-१२. मागे जुनेच १० इंची राहिले. जुन्या हिशेबाने दुकानात जाऊन दोन सारखी टायर मागणारे अजूनही भेटतात. ५३ हा भारांक २०६ किलोंचा आहे. तोही पाहून घ्यावा.

रुंद टायरचा मोह हा तरुणांचा विषय आहे. मागचे टायर जाड दिसले की गाडी भारदस्त वाटते. परंतु अरुंद रिमवर रुंद टायर बसवले की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा नको तितका गोल होतो. जमिनीला टेकणारा भाग वाढण्याऐवजी घटूही शकतो. कधी साखळीच्या झाकणाला घासते, कधी गाडी वळायला जड होते, ॲव्हरेज तर पडतेच. वडिलांनी रागावण्यापेक्षा गाडीची पुस्तिका उघडून मंजूर माप दाखवावे. ते अधिक उपयोगी पडते.

पुढच्या चाकाची उपेक्षा हा या शहराचा जुना दोष. मागचे लवकर झिजते म्हणून तेच बदलले जाते आणि पुढचे वर्षानुवर्षे ‘बरे आहे’ या शेऱ्यावर चालते. खाचा दिसतात, पण रबर वयाने कठीण झालेले असते. त्यावर बारीक भेगा उमटलेल्या असतात. ओल्या रस्त्यावर असे रबर काचेसारखे सरकते. ब्रेक दाबताच गाडीचे आणि माणसाचे वजन पुढे सरकते, म्हणजे थांबवण्याचा मुख्य भार याच टायरवर येतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी व्यवस्था किंवा एबीएस सक्तीचे झाले. जोडलेल्या ब्रेकच्या गाडीवर फक्त मागचा ब्रेक दाबतो म्हणणाऱ्याचेही पुढचे चाक अंशतः ब्रेक घेते. ते टायर म्हातारे असेल तर ही सोय पुरती कामी येत नाही.

वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात. १४२५ असेल तर २०२५ सालचा चौदावा आठवडा. सवलतीचा माल समोर आला की आधी हे अंक पाहावेत. औषधाच्या पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय न घेणारी, धान्याचा वास घेऊन पोते परतवणारी मंडळी येथे मात्र चकाकी पाहून समाधान मानतात. टायर वापरले नाही तरी वय होते. उन्हात किंवा भट्टीजवळ ठेवलेले अधिक लवकर. पाच वर्षांपुढील टायरची जाणकाराकडून तपासणी दरवर्षी करून घ्यावी. झीज पाहण्यासाठी खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायरचे काम संपले. अनेक गाड्यांच्या पुस्तिका पुढच्या टायरसाठी दीड आणि मागच्यासाठी दोन मिलिमीटर खोली उरताच बदल सुचवतात. पावसाळ्याच्या आधी ही सीमा जवळ आली असेल तर दिवाळीची वाट पाहू नये.

झिजलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा पाडून काळा रंग मारलेला मालही बाजारात फिरतो. त्यात उरलेले पातळ रबरच कापलेले असते. भारतीय मानक आयएस १५६२७ हे दुचाकी-तिचाकींच्या टायरांसाठी आहे. आयएसआय चिन्ह आणि पक्के बिल नसेल तर व्यवहार तेथेच सोडावा. बिलाविना थोडे स्वस्त, हा प्रस्ताव आता तसाही दुबळा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या नव्या टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

जैन गिऱ्हाईक आणखी एक प्रश्न विचारू शकतो, आणि तो विचारायला संकोच नसावा. रबर पक्के करताना स्टिअरिक आम्ल वापरतात. ते पाम तेलासारख्या वनस्पतिज तेलापासून मिळते, तसेच प्राणिज चरबीपासूनही. टायरवर याचा कोठेही उल्लेख नसतो. कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी विचारणे एवढाच मार्ग आहे. संघाच्या किंवा व्यापारी मंडळाच्या नावाने पत्र गेले तर एकट्या गिऱ्हाइकापेक्षा त्याची दखल घेतली जाण्याचा संभव जास्त. सचोटीने चौकशी करावी, मात्र उत्तर येईपर्यंत गोटा टायरवर गाडी हाकणे म्हणजे एका सूक्ष्म हिंसेच्या चिंतेत दुसरी ढळढळीत हिंसा ओढवून घेणे होय.

कारण टायरची पकड केवळ चालवणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न नाही. ईर्यासमितीत चालणारा पुढची भूमी पाहून पाऊल टाकतो. दुचाकीवरच्या माणसाला जीव दिसला तरी थांबता आले पाहिजे. चौमासा संपून विहार सुरू झाले की पहाटेच्या अंधारात साधू-साध्वी रस्त्याच्या कडेने चालत असतात. विहारातील अपघातांच्या बातम्यांनी समाज अनेकदा हळहळला आहे. त्यांच्या सोबत सेवेसाठी निघणाऱ्या तरुणांच्या दुचाकींचे टायर तरी संघाने एकदा तपासून घ्यावेत. धुक्यात, दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर दोन हात आधी थांबणे आणि दोन हात नंतर थांबणे यांत फार अंतर आहे.

नवे टायर बसवताना बाजूवरचा बाण फिटरला दाखवावा. चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला बाण हवा. पुष्कळ टायरांवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलट असे दोन बाण असतात. उलटे बसवलेले टायर कोरड्यात कळत नाही, पाण्यात कळते. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्वही त्याच वेळी बदलून घ्यावा, किंमत नगण्य असते. कोऱ्या टायरचा माथा गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर झुकणे आणि जोरात ब्रेक मारणे टाळावे. पाऊस असेल तर अधिकच. हवा टायर थंड असताना भरावी, आठवड्यातून एकदा पाहावी, आणि माल लादायचा असेल तर पुस्तिकेत ओझ्यासाठी दिलेला वेगळा आकडा मागच्या चाकाला द्यावा. पंपावरील मुलाला हा आकडा आपण सांगायचा असतो; तो अंदाजाने भरतो.

राहिले काढलेले जुने टायर. चाळीच्या गच्चीवर, दुकानाच्या पोटमाळ्यावर किंवा वाड्याच्या कोपऱ्यात ते ‘कधी लागेल’ म्हणून ठेवले जाते. पावसाचे पाणी त्याच्या पोटात साचते, डासांची पैदास होते, मग महापालिकेचे कर्मचारी येऊन औषध फवारतात. ठेवणाऱ्याच्या आळसापायी किती जीव जातात त्याची गणती नाही. टायर दुकानातच सोडावे, पण तसेच सोडू नये. डोळ्यांदेखत त्याच्या बाजूला एक खोल काप देऊन घ्यावा, म्हणजे नव्या खाचा पाडून ते दुसऱ्या कोणाच्या मागच्या चाकावर चढणार नाही.